सरकारी आईबाप आणि जकार्तातली पोरं: मध्ये पडायचं तर कसं

इंडोनेशियात संस्था, कॉलेज किंवा कंपनीचं काम करणाऱ्या मराठी माणसापुढे हा पेच कधी ना कधी येतोच. हाताखालची पंचविशीतली मुलगी कामात चोख असते, पण घरी अबोला असतो. वडील ‘पीएनएस’ आणि हिनं यंदाही सरकारी परीक्षेचा फॉर्म भरलेला नाही. नाहीतर तरुणांचा गट पालिकेच्या एखाद्या खात्यात प्रस्ताव घेऊन जातो आणि तासाभरानं दोन्हीकडचे लोक गोड हसत, मनात चरफडत बाहेर पडतात.

पीएनएस म्हणजे पेगावाई नेगेरी सिपिल, कायम सरकारी नोकर. यातला ‘नेगेरी’ आपल्या ‘नगरी’चाच वंशज. असे ओळखीचे शब्द तिथे पावलोपावली भेटतात आणि हमखास फसवतात. ‘धर्म वनिता’ ही धार्मिक संस्था नव्हे, सरकारी नोकरांच्या बायकांची संघटना आहे आणि तिची स्थापना १९७४ची. शब्द कळला म्हणून माणूस कळला, असं तिथे समजू नये.

घोडं कुठे पेंड खातं ते आधी बघा

या दोन पिढ्यांत भांडणं तीन प्रकारची असतात: नोकरीचं, बोलण्याच्या रीतीचं आणि चारचौघांत केलेल्या टीकेचं. घोटाळा असा की एक भांडण दुसऱ्याचे कपडे घालून येतं. बाप म्हणतो ‘पोराला वळण नाही’, पण त्याला धास्ती असते ती पोराच्या पोस्टची. पोरगं म्हणतं ‘हे लोक भ्रष्ट आहेत’, पण त्याला टोचत असतं ते मामानं सगळ्यांसमोर विचारलेलं ‘फॉर्म कधी भरतोस?’

म्हणून दोघांना वेगवेगळं एवढंच विचारा: शेवटचं वाजलं ते कशावरून? उत्तरात भरतीची जाहिरात, भावंडाची नेमणूक किंवा लग्नाचा विषय आला तर भांडण नोकरीचं. व्हॉट्सॲपचा निरोप आला तर रीतीचं. व्हिडिओ, हॅशटॅग, मोर्चा आला तर टीकेचं. तिन्ही एकत्र आली तर हात आधी रीतीला घाला. ती बिघडलेली असली की पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

बोलायचं कसं

जकार्तातली पोरं आपसात ‘लू’ आणि ‘गुए’ बोलतात, म्हणजे तू आणि मी. घरात मोठ्यांशी आणि कार्यालयात हे अजिबात चालत नाही. परदेशी माणूस पुस्तकात शिकलेला ‘आन्दा’, म्हणजे तुम्ही, वापरतो. तो शब्द सभ्य आहे, पण वडीलधाऱ्याला तो बँकेच्या फॉर्मसारखा कोरडा लागतो. ‘कामु’, म्हणजे तू, त्याहून वाईट. खरी रीत सोपी आहे: सर्वनामच गाळायचं आणि त्या जागी नातं घालायचं. वडिलांना तोंडावर विचारायचं, ‘बापाक सुदाह माकान?’ शब्दशः ‘बाबा जेवले का?’ बाई अधिकारी असेल तर ‘इबु’. स्वतःसाठी ‘साया’.

घर जावानीज असेल तर आणखी एक पायरी येते. त्या भाषेत मोठ्यांशी बोलायची वेगळी ‘क्रामा’ बोली आहे आणि शहरात वाढलेल्या पोरांना ती येत नाही. येते ती बरोबरीच्यांची ‘ङोको’, आणि ती बापाशी वापरली की बापाला कानफटात बसल्यासारखं होतं. पुरती क्रामा शिकण्याची गरज नाही. होकाराला ‘इंग्गिह’ आणि नकाराला ‘म्बोतन’ एवढे दोन शब्द आले, बाकी सगळं इंडोनेशियनमध्ये बोललं, तरी भागतं. प्रयत्न दिसला पाहिजे, व्याकरण कुणी तपासत नाही.

अधिकाऱ्याला व्हॉट्सॲप करताना क्रम ठरलेला आहे: अभिवादन, ‘बापाक’ किंवा ‘इबु’, वेळ घेतल्याबद्दल माफी, आपण कोण आणि कुठले, एकच विनंती, आभार. ‘सलामत पागी, इबु. मोहोन माआफ मंगांगु वाक्तुन्या’ म्हणजे ‘सुप्रभात, वेळ घेतोय, क्षमा करा’. हे नसेल तर पुढचं वाचलंच जात नाही. विनंतीच्या आधी ‘इझिन’, म्हणजे परवानगी असावी, हा शब्द टाकला की समोरचा निम्मा विरघळतो. सगळं एकाच निरोपात मावलं पाहिजे. तरुण मंडळी ‘पाक’ (‘बापाक’चं छोटं रूप) एवढंच पाठवून उत्तराची वाट बघतात, मग सहा तुकड्यांत बाकीचं. अधिकाऱ्याच्या फोनवर अशा गटांचे शेकडो निरोप साचलेले असतात, त्यात हे तुकडे हरवतात. आवाजी निरोप पाठवू नका आणि संध्याकाळच्या मग्रिबच्या नमाजानंतर काहीही पाठवू नका.

नकाराचं शास्त्र वेगळंच. ‘तिदाक’ म्हणजे नाही, पण मोठ्यांसमोर ते दार आपटल्यासारखं वाजतं. त्याऐवजी ‘बलुम’ म्हणजे ‘अजून नाही’. लग्न झालं का? बलुम. फॉर्म भरला का? बलुम. हे खोटं मानलं जात नाही. उलट दिशेनंही हे वाचता आलं पाहिजे. अधिकारी ‘नांती साया पलाजारी’ म्हणाला, म्हणजे नंतर अभ्यास करतो, आणि तारीख दिली नाही, तर तो नकार समजा. ‘कुरांग ताहु’ म्हणजे माहिती थोडी कमी पडते असं नव्हे, सरळ ‘मला माहीत नाही’. तरुणांना यात लबाडी दिसते. ती नेहमी नसते. समोरच्याचं तोंड वाचवायची ही जुनी पद्धत आहे.

नोकरीचं भांडण: कागद घेऊन बसा

आईबाप ज्याच्यासाठी जीव टाकतात तो कागद म्हणजे ‘एसका’, नेमणुकीचा आदेश. तो बँकेत ठेवून घरासाठी कर्ज मिळतं, त्याला गमतीनं ‘एसकाला शाळेत घातलं’ म्हणतात. त्या शाळेतून एसका परत यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, हे आईबाप सांगत नाहीत. मागून निवृत्तिवेतन येतं, मूळ पगाराच्या जास्तीत जास्त ७५ टक्के. आणि लग्नाच्या बाजारात पीएनएस जावयाचा भाव काय असतो, हे एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोराच्या कुठल्याही मराठी घराला समजावून सांगायला नको.

पोरांचा हिशोब दुसरा. २०२४च्या वेतनश्रेणीत पदवीधर ज्या ३/अ श्रेणीत लागतो, तिथला सुरुवातीचा मूळ पगार २७,८५,७०० रुपिया आहे. जकार्ताचं २०२५चं किमान मासिक वेतन ५३,९६,७६१ रुपिया. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी तर मूळ पगाराचेही ८० टक्केच मिळतात. हे आकडे बघून पोरं हसतात, पण अर्धीच बाजू बघून. खरा पैसा ‘तुकिन’ म्हणजे कामगिरी भत्त्यात असतो आणि तो खात्याखात्यांत कमालीचा वेगळा. अर्थ मंत्रालयातला ३/अ आणि दूरच्या एखाद्या जिल्हा कचेरीतला ३/अ यांच्या पाकिटात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून मूळ पगारावर वाद घालू देऊ नका. ज्या खात्यात जायचं त्याचा तुकिन शोधून मगच बोला.

बैठक कधी? लबारानच्या, म्हणजे ईदच्या, पहिल्या दोन दिवसांत चुकूनही नाही. त्या दिवशी पोरं मोठ्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून क्षमा मागतात, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि सगळे मामा-काका एकच प्रश्न विचारतात. पाहुणे पांगल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, चहाच्या वेळी बसा. सगळी मंडळी शहरात परतण्याआधी.

टेबलावर तीन कागद हवेत.

पहिला, आईची किंवा बापाची पगाराची पावती. तिच्यात जोडीदारासाठी मूळ पगाराच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त दोन मुलांसाठी प्रत्येकी २ टक्के भत्ता असतो, शिवाय माणशी महिना १० किलो तांदळाचा भत्ता. मुलाचं नाव २१ वर्षांपर्यंत राहतं, शिकत असेल, कमावत नसेल, लग्न झालं नसेल तर २५पर्यंत. घरातल्या भांडणाला याच वयात धार येते, यात नवल नाही. तोवर पोरगं बापाच्या पावतीवरची एक ओळ असतं, मग एके दिवशी ती ओळ गळते आणि बापाला वाटतं की हे आता कुठेच नोंदलेलं नाही.

म्हणून दुसरा कागद त्याच धास्तीचं उत्तर हवा: पोराची स्वतःची बीपीजेएसची, म्हणजे सरकारी सामाजिक विम्याची, नोंद. आरोग्याचं आणि नोकरीचं बीपीजेएस वेगवेगळं असतं. कंपनीत असेल तर वृद्धापकाळ निधीत पगाराच्या ५.७ टक्के जमा व्हायला हवेत, त्यातले २ कामगाराचे आणि ३.७ मालकाचे. ते खरोखर भरले जातात का, हे बीपीजेएसच्या जेएमओ ॲपवर शिल्लक उघडून बापासमोर दाखवा. सगळ्यात जास्त गफलत इथेच निघते: छोट्या कंपन्या कापतात आणि भरत नाहीत, किंवा पगार कमी दाखवून भरतात. घरी दाखवायला बसण्याआधी तपासा. मुक्त काम करणाऱ्यानं स्वतः नोंद करावी. अपघात, मृत्यू आणि वृद्धापकाळ मिळून किमान हप्ता महिना ३६,८०० रुपिया आहे, जकार्तातल्या मॉलमधल्या एका कॉफीच्या आसपास. बापाची भीती हसण्यावारी नेऊ नका. नोव्हेंबर २०२२मध्ये गोटोसारख्या नावाजलेल्या कंपनीनं एका फटक्यात १,३०० माणसं कमी केली, ते सगळ्या आईबापांनी वाचलंय.

तिसरा कागद म्हणजे करार. साधा, हातानं लिहिलेला. ‘एकदा परीक्षेला बसेन, खातं मी निवडेन, नाही झालं तर तीन वर्षं हा विषय नाही.’ असा करार बहुतेक घरांत निघतो, पण सैल ठेवला की मोडतो. त्यात काय पक्कं करायचं ते असं.

भरतीत एका वर्षी एकाच खात्यातल्या एकाच जागेसाठी अर्ज करता येतो. त्यामुळे ‘कुठेही भर, लागलं म्हणजे झालं’ हा आईचा सल्ला मोडून काढा. नेमणुकीनंतर १० वर्षं बदली मागणार नाही, असं उमेदवाराला लिहून द्यावं लागतं. जकार्तातलं पोर स्पर्धा कमी म्हणून लांबच्या बेटावरची जागा निवडतं, पास होतं आणि नेमणुकीचं गाव बघून घाबरतं. २०२२मध्ये निवड झालेल्या १००हून अधिक जणांनी पगार आणि ठिकाण बघून माघार घेतली, तेव्हा देशभर गवगवा झाला. माघार घेणारा पुढच्या भरतीतून बाद होतो आणि ती जागा रिकामी पडते. म्हणजे दोन्ही घरची बोलणी खायची.

पहिली चाचणी संगणकावर असते: १०० मिनिटांत ११० प्रश्न. राष्ट्र-जाणिवेचे ३०, बुद्धिमत्तेचे ३५, स्वभाव-वर्तनाचे ४५. २०२४च्या भरतीत सर्वसाधारण उमेदवाराला अनुक्रमे ६५, ८० आणि १६६ गुण किमान लागत होते, आणि तिन्ही ठिकाणी ते स्वतंत्रपणे गाठावे लागत. हुशार पोरं बुद्धिमत्तेत भरपूर मिळवतात आणि राष्ट्र-जाणिवेत आपटतात, कारण पंचशील (इंडोनेशियाची पाच राष्ट्रीय तत्त्वं) आणि राज्यघटनेचा भाग ‘हे तर शाळेतलं’ म्हणून वाचतच नाहीत. स्वभावाच्या प्रश्नांना चुकीचं उत्तर नसतं, प्रत्येक पर्यायाला १ ते ५ गुण असतात, त्यामुळे एकही कोरा सोडू नये. पहिल्या चाचणीचं वजन ४० टक्के, विषयाच्या चाचणीचं ६०. २०२४मध्ये सुमारे अडीच लाख जागांसाठी ३० लाखांहून जास्त अर्ज आले होते, तेव्हा एका प्रयत्नात न होणं ही नामुष्की नाही, हे आईबापांना आधीच सांगून ठेवा.

अर्जाला डिजिटल मुद्रांक, ई-मतेराई, लागला तर पहिल्याच आठवड्यात घ्या. सप्टेंबर २०२४मध्ये शेवटच्या दिवसांत त्याची यंत्रणा कोलमडली आणि मुदत वाढवावी लागली. दर वेळी वाढेल असं नाही.

आणि हे ठळक लिहा: हातात एसका आणि रुजू होण्याची तारीख पडल्याशिवाय चालू नोकरी सोडायची नाही. मार्च २०२५मध्ये, आधीच निवड झालेल्यांची नेमणूक ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, तेव्हा कितीतरी जणांनी राजीनामे देऊन टाकले होते. ओरड झाल्यावर ती जूनपर्यंत अलीकडे आणली गेली, पण मधले महिने कुणी भरून दिले नाहीत.

एखादा नातेवाईक ‘आतला माणूस’ गाठून पैसे भरायला सांगेल. अशा दलालांना तिथे ‘चालो’ म्हणतात. संगणक-चाचणीचे गुण परीक्षा चालू असतानाच बाहेर पडद्यावर दिसतात, तिथे हात घालायला फारशी जागा नसते. पैसे गेले की गेले.

पोस्टचं भांडण

हे सगळ्यात कठीण, कारण यात भीती खरी असते आणि ती पोरांना दिसत नाही. २०२५मध्ये ५८ वर्षांचा होऊन निवृत्तीला टेकलेला कर्मचारी १९९०च्या आसपास चिकटलेला असतो. तेव्हा सुहार्तोंची राजवट होती. १९७१मध्ये सगळ्या नोकरांना कोर्प्री या एकाच संघटनेत कोंबलं होतं आणि मत सुहार्तोंच्या गोलकार पक्षालाच द्यायचं, हे गृहीत असे. नोकरीपूर्वी ‘बर्सिह लिंकुंगान’ची चौकशी व्हायची. शब्दशः ‘परिसर स्वच्छ’, ऐकून झाडू डोळ्यांपुढे येतो, पण बघायचं असायचं ते १९६५च्या कम्युनिस्ट प्रकरणात घरातलं कुणी होतं का ते. काकाच्या पापानं पुतण्याची फाइल बंद व्हायची. त्या माणसाला आज पोरगी सांगते, ‘पोस्ट माझी आहे, तुमचा काय संबंध?’ त्याच्या लेखी संबंधच आहे. पोरांची पिढी १९९८च्या सत्तांतरानंतर शहाणी झाली, तिनं ती फाइल कधी पाहिलीच नाही.

बरं, भीती निव्वळ जुनीही नाही. एप्रिल २०२३मध्ये ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या एका तरुणानं लाम्पुंग प्रांतातल्या खराब रस्त्यांवर टिकटॉक केला. त्याच्यावर पोलिसांत तक्रार झाली, आणि गावी सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांपर्यंत विचारणा पोहोचली. तक्रार पुढे निकाली निघाली, मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः ते रस्ते बघून गेले. पोरं यातला शेवट लक्षात ठेवतात, आईबाप मधला भाग.

तेव्हा ‘टीका करू नको’ असं सांगू नका, ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये. क्रम लावून द्या. रस्त्याचंच उदाहरण घ्या. आधी तो राष्ट्रीय, प्रांतिक की जिल्ह्याचा, हे शोधा, कारण चुकीच्या कचेरीवर तोफ डागली की ती सहज हात वर करते. मग सरकारी तक्रार-पोर्टल ‘लापोर’वर तक्रार टाका. तिथे नाव लपवण्याची ‘अनोनिम’ आणि मजकूर लपवण्याची ‘राहासिया’ अशी सोय आहे, घरात पीएनएस असेल तर दोन्ही वापरा. खर्चाचे आकडे हवेत तर २००८च्या १४ क्रमांकाच्या माहिती-कायद्याखाली अर्ज करा: उत्तर १० कामाच्या दिवसांत, हवं तर त्यांना आणखी ७. आलं नाही तर वरिष्ठाकडे हरकत, तिथेही भागलं नाही तर १४ कामाच्या दिवसांच्या आत माहिती आयोग. ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालासारख्या यंत्रणेकडे, जायचं तर आधी त्या कचेरीकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो आणि घटना दोन वर्षांच्या आतली हवी.

एवढं हातात आल्यावर पोस्ट करा. रस्त्याचं नाव, अंतर, अर्जाची तारीख, न आलेलं उत्तर. माणसाचं नाव नको, कचेरीचं घ्या. एप्रिल २०२५मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं निकाल दिला की आयटी कायद्यातल्या बदनामीच्या कलमाचा आधार सरकारी संस्थेला घेता येत नाही, तो माणसालाच घेता येतो. म्हणजे कचेरीवर बोलणारा बराच सुरक्षित, अमुक साहेबावर घसरलेला नाही.

घरातल्या माणसासाठी दोन पथ्यं. एसकाचा किंवा ओळखपत्राचा फोटो कधीही टाकू नये. पीएनएसच्या १८ अंकी क्रमांकात पहिले आठ अंक जन्मतारीख असतात, पुढचे सहा नेमणुकीचं वर्ष आणि महिना. आणि निवडणुकीच्या हंगामात खाकी गणवेशातल्या बापाबरोबर उमेदवाराच्या क्रमांकाची बोटांनी खूण करून सेल्फी नको. तटस्थतेच्या नियमांत उमेदवाराच्या पोस्टला नुसतं लाइक करणंही पीएनएसला बाधतं. पोरीनं टॅग केलं आणि बापानं प्रेमानं अंगठा दाबला, एवढ्यानंही चौकशी लागते.

कचेरीतली बैठक

तरुणांचा गट खात्यात न्यायचा असेल तर नुसत्या फोनवर जमत नाही. भेटीच्या विनंतीचं पत्र खात्याच्या प्रमुखाच्या नावे, क्रमांक आणि विषय घालून, किमान दहा दिवस आधी, स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. सोमवारी सकाळी कवायतीसारखी ‘आपेल’ असते, शुक्रवारी साडेअकरा ते एक नमाज. मंगळवार ते गुरुवार, सकाळी नऊची वेळ धरा. रमजानमध्ये आठवड्याचे साडेसदतीस तास साडेबत्तीसवर येतात, तेव्हा शक्यतो टाळा.

भाषणं, खाऊचा डबा, हजेरीपत्रक, शेवटी सगळ्यांचा फोटो, हे बघून पोरं डोळे फिरवतात. त्यांना आधी सांगा की हजेरी आणि फोटोशिवाय अधिकाऱ्याला ‘एसपीजे’ म्हणजे खर्चाचा हिशोब बंद करता येत नाही. फोटोतून पळ काढणारा तरुण त्या कारकुनाच्या गळ्यात काम बांधतो.

मागणी यंदाच्या पैशांतून मागू नका, अंदाजपत्रक केव्हाच ठरलेलं असतं. नियोजनाच्या ‘मुसरेनबांग’ सभा साधारण जानेवारीत प्रभागात, फेब्रुवारीत तालुक्यात आणि मार्चमध्ये शहरपातळीवर होतात, आणि तिथे नोंदलं तेच पुढच्या वर्षी येतं. ऑगस्टमध्ये प्रस्ताव घेऊन गेलात तर साहेब ‘बागुस’ म्हणजे छान म्हणतील आणि काहीच होणार नाही. वाद घालायचा मुद्दा असेल तर तो आदल्या दिवशी विभागप्रमुखाकडे एकट्यानं मांडा. सगळ्यांसमोर साहेबाला खोडलं तर हाताखालचे लोकही तुमच्याकडून बोलणार नाहीत, पटत असलं तरी.

दोन दिवसांत इतिवृत्त पाठवा, एक पानाचं, कोण काय करणार आणि कधीपर्यंत एवढंच. तारीख तुम्हीच लिहा आणि वर ‘चूक असल्यास दुरुस्त करावी’ असं घाला. उत्तर आलं नाही तर ती तारीख मान्य झाली असं धरून, आठवडाभर आधी ‘इझिन’नं सुरुवात करून आठवण करा.